राग नावाचा रकाना

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिच्या जुन्या रेकॉर्ड्स यूट्यूबवर सहज सापडतात. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. हा नुसता नखरा नव्हता. (थोडा असेलही, शेवटी गौहर जान होती ती.) तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना कुठली तबकडी कोणाची हे कळावं, म्हणून नाव आवाजातच भरून पाठवायचे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा फाइलच्या पोटात. पुढे त्या तबकडीवरून कॅसेट झाली, कॅसेटवरून एमपीथ्री झाली, फाइलचं नाव 'ट्रॅक ०७' झालं, तरी गाणारी कोण हे आजही कळतं.

गाणं ऐकणाऱ्या मंडळींमध्ये 'तू कशावर ऐकतोस?' हा प्रश्न निघाला की वाद आवाजाच्या दर्जावर होतो. विनाइल की सीडी, एमपीथ्री की लॉसलेस. या वादात आकडे भरपूर आहेत आणि मला आकडे आवडतात. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. दोन चॅनेल धरून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. चांगल्यातली चांगली एमपीथ्री ३२० किलोबिटची, म्हणजे पाव हिस्साही नाही. कागदावर केवढा फरक! पण कोणती फाइल कुठली हे न सांगता दोन्ही आलटूनपालटून ऐकवा आणि ओळखायला लावा. बहुतेकांचा निकाल नाणं उडवल्यासारखा येतो. माझाही तसाच आला. शिवाय लॉसलेसचे पैसे भरून ते ब्लूटूथच्या इअरबड्सवर ऐकायचं म्हणजे देवगडचा हापूस आणून त्याचा मिल्कशेक करणं. ब्लूटूथ तो आवाज वाटेत पुन्हा दाबतोच. मिल्कशेक छान लागतो, प्रश्न तो नाही. पण मग हापूसच कशाला?

एक अपवाद मात्र मान्य. फाइल फार दाबली की पहिला बळी तानपुऱ्याचा जातो. जवारीतून निघणारे वरचे बारीक स्वर पाण्याखालून आल्यासारखे खुळखुळतात. तेवढं सोडलं तर दर्जाचं भांडण मला बिनकामाचं वाटतं, कारण खरं नुकसान दुसरीकडेच होतंय.

ते आहे वेळेचं. ७८च्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, मोठी असली तर चार-साडेचार. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना ही शिक्षाच होती. तरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या काळच्या तबकड्या ऐकताना काही कापलंय असं वाटत नाही. तेवढ्या जागेसाठीच ते गाणं बांधलंय. १९७७मध्ये व्हॉयेजर यानासोबत अवकाशात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच. मग एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. अमीर खाँसाहेबांची प्रसिद्ध एलपी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. ती विलंबित लय एलपीशिवाय घरात शिरलीच नसती. मग कॅसेट, नव्वद मिनिटांची असेल तर एका बाजूला पंचेचाळीस. मग सीडी, सलग चौऱ्याहत्तर. प्रत्येक माध्यमाला भिंत होती. भिंत कुठे आहे हे गाणाऱ्याला माहीत होतं, आणि तो तिला टेकून बसायचा.

स्ट्रीमिंग हे मला माहीत असलेलं पहिलं माध्यम, ज्यात वेळेची भिंत जवळपास नाहीच. सर्व्हरला तीन मिनिटं आणि तीन तास सारखेच. आणि नेमकं इथेच गाणं आखूड होतंय! कारण तांत्रिक नाही, हिशेबाचं आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक 'प्ले' धरला जातो. पैसे प्लेवर ठरतात, मिनिटांवर नाही. चाळीस मिनिटांचा बडा ख्याल अख्खा ऐकला तरी एक प्ले, आणि तेवढ्या वेळात तेरा फिल्मी गाणी ऐकली तर तेरा. अशा हिशेबात विलंबित एकताल कोण अपलोड करेल? म्हणून एकाच मैफलीचे तुकडे होतात: आलाप एक ट्रॅक, विलंबित दुसरा, द्रुत तिसरा. मग शफल चालू असेल तर द्रुत आधी येतो आणि आलाप मागून, लग्न लागल्यावर साखरपुडा. क्रॉसफेड चालू असेल तर आणखी मजा, पहिल्या ट्रॅकची शेवटची सम दुसऱ्याच्या तानपुऱ्यात विरघळते.

त्या एलपीचंच बघा. मारवा मावळतीचा, दरबारी रात्रीचा. दोघांच्या मध्ये उठून तबकडी उलटावी लागायची. एवढ्या वेळात चहा व्हायचा, किंवा 'आज एवढंच' म्हणून माणूस थांबायचा. ऑटोप्लेला थांबणं माहीतच नाही. मारव्याचा शेवटचा सूर खोलीत असतानाच दरबारी सुरू होतो, आणि दरबारीनंतर 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून कुठलं तरी झोप लावणारं बासरीसंगीत.

ते बासरीसंगीत का येतं, हे कळायला डेटाबेस बघावा लागतो. तीन मुख्य रकाने असतात: कलाकार, अल्बम, ट्रॅक. राग नावाचा रकाना नाही. असलाच तर तो ट्रॅकच्या नावात कोंबलेला असतो, 'यमन', 'राग यमन', 'यमन कल्याण' अशा शंभर स्पेलिंगांत. म्हणजे मी मारवा ऐकत होतो हे यंत्राला कळतच नाही. त्याला कळतं की मी 'इंडियन क्लासिकल' ऐकत होतो, आणि त्या पोत्यात सगळंच येतं. मारवा ऐकून झाल्यावर पूरिया ऐकावा, तेच सूर असून माणूस कसा बदलतो ते बघावं, ही ऐकणाऱ्याची जुनी सवय. ती त्या पोत्यातून लागणं अशक्य आहे.

हे अवघड असतं तर मी गप्प बसलो असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्यांची हीच तक्रार होती. त्यांना रचनाकार, कृती आणि कंडक्टर असे वेगळे रकाने हवे होते. ॲपलने २०२३मध्ये त्यांच्यासाठी वेगळं ॲपच काढलं. आपल्याकडचं कामही झालेलं आहे, फक्त ते झालं बार्सिलोनात. तिथल्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीतावर काही वर्षं काम केलं. म्युझिकब्रेन्झ या खुल्या डेटाबेसमध्ये राग आणि ताल नोंदवायची सोय आज आहे. म्हणजे दोन रकान्यांचं काम. कुठल्याही टीममध्ये हे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बसेल. पण ते मागणाऱ्यांची संख्या कोणाच्या तक्त्यात दिसत नाही. दिसणार कशी? रकानाच नाही.

'आमच्या वेळी' म्हणून कॅसेटचे गोडवे गाणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. तेव्हा हव्या त्या गवयाची कॅसेट मिळायला गावात तसं दुकान लागायचं. आज लातूरच्या मुलीला फोनवर केसरबाई मिळतात, हे त्या सगळ्या गोडव्यांपेक्षा मोठं आहे. मी स्वतः सर्वांत जास्त यूट्यूबवर ऐकतो, आणि दर्दी मंडळींनी नाक मुरडलं तरी ऐकणार. आवाज यथातथा, पण मैफल सलग असते. खालच्या चौकटीत कुणीतरी राग, ताल, तबला-हार्मोनियमची साथ, गाव, साल असं सगळं लिहून ठेवलेलं असतं. त्याखाली कमेंट्समध्ये भांडण: ही मैफल त्या सालची असूच शकत नाही, तबल्यावर ते नाहीतच. मला माहीत असलेला हिंदुस्तानी संगीताचा सगळ्यात चांगला मेटाडेटा या भांडणांमध्ये आहे. आणि तो एका कॉपीराइटच्या तक्रारीवर टांगलेला आहे. चॅनेल गेलं की मैफल जाते, चौकट जाते आणि भांडणही जातं.

म्हणून सध्या रविवारी नातेवाइकांच्या कॅसेट्स लॅपटॉपवर उतरवतोय. एफएलएसी फाइलमध्ये आपल्या मनाचे रकाने घालता येतात. मी राग, ताल, साथ, जागा, साल असे घातले. तिसऱ्याच कॅसेटपाशी अडलो. आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत लिहिलंय: 'जोग? की तिलंग? तबला – नाव ऐकू आलं नाही'. प्रश्नचिन्हासाठी माझ्याकडे रकाना नव्हता. आता 'शंका' नावाचा एक केलाय. त्या कॅसेटपुरता तो भरलाय, तबलजींचा रिकामा आहे.