यंत्रानें शुद्ध केलेला सूर

अमेरिकेंतील अँडी हिल्डब्रँड हे मूळचे भूगर्भांतील तेलाचा शोध घेणाऱ्या धंद्यांतले शास्त्रज्ञ. जमिनींत स्फोट करून परत येणाऱ्या कंपनांवरून खालच्या थरांचें स्वरूप ताडण्याचें गणित त्यांनीं अनेक वर्षें केलें, आणि त्याच जातीचें गणित मानवी कंठास लावून १९९७ सालीं 'ऑटो-ट्यून' ही संगणक-प्रणाली बाजारांत आणली. मुद्रित आवाज नियोजित सुरापासून किती ढळला हें ती क्षणांत मोजते व त्यास जवळच्या 'योग्य' सुरावर नेऊन बसविते. तेलाच्या शोधांतून सुराचा शोध लागावा, ही गोष्ट कोणास विनोदी वाटेल. पण आमची तक्रार यंत्राच्या कुळाविषयीं नाहीं.

असें यंत्र वापरणें म्हणजेच फसवणूक, हें मतही आम्हांस मान्य नाहीं. ध्वनिफितीचे तुकडे जोडून गाणें सिद्ध करण्याची रीत कितीतरी जुनी आहे. १९९८ सालचें शेर या गायिकेचें 'बिलीव्ह' हें गीत घ्यावें. येथें सूर सरकविण्याचा वेग इतका तीव्र ठेविला आहे कीं, एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना आवाज पायऱ्यांवरून उड्या मारीत जातो. निर्मात्यांनीं आरंभीं हा परिणाम दुसऱ्याच यंत्राचा म्हणून सांगितला, ही गंमत निराळी; श्रोत्याच्या कानापासून मात्र कांहींच लपलेलें नाहीं. यंत्र तेथें वाद्यासारखें वाजतें. तें आवडो वा न आवडो, त्यास अप्रामाणिक म्हणतां येणार नाहीं.

आमचा आक्षेप आहे तो गुपचूप केलेल्या शोधनावर, आणि तेंही आपल्या रागसंगीतावर होतें तेव्हां. नित्याच्या मांडणींत हें यंत्र सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतें. प्रत्येक भाग १०० सेंटांचा. म्हणजे षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटांवर. तंबोऱ्याशीं मिळून येणारा गंधार मात्र सुमारें ३८६ सेंटांवर लागतो. गवयाचा गंधार अचूक लागला, तर तो उतरला आहे असें समजून यंत्र त्यास वर ओढणार! दरबारीचा कोमल गंधार तर एका जागीं उभाच राहत नाहीं. त्याचें आंदोलन हेंच त्याचें रूप. मींड ही दोन स्वरांमधली वाट. यंत्राच्या लेखीं ती वाट नसून चुकांची रांग आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, वेग मंद ठेवितां येतो, स्वरस्थानें हातानें बदलतां येतात. खरें आहे. परंतु तीं कोठें न्यावयाचीं हें ठरविणारा कान तयार हवा. आणि ज्याचा कान इतका तयार आहे, तो गायकास पुन्हां एकदां गावयास सांगणें अधिक पसंत करील, असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे हा वाद नवा नव्हे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पेटीच्या ठराविक पट्ट्यांवर असंतुष्ट होऊनच. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून सैल झाली. ही बंदी आम्हांस अतिरेकाची वाटते. कारण पेटी गायकाच्या शेजारीं वाजत असे, त्याच्या गळ्यांत शिरत नसे. गायक तिच्याहून निराळा लागला, तर तें अंतर श्रोत्यास ऐकूं येई, आणि कान त्या अंतरावरच तयार होत असे. नव्या यंत्रानें तें अंतरच पुसलें जातें.

घरोघरीं मुलें आज बहुतेक गाणें मुद्रित आवाजावरूनच उचलतात. सूर कसा शोधावा, जवळ येऊन तो कसा पकडावा, हें त्यांनीं कोठें ऐकावें? निदान एक गोष्ट करतां येईल. ध्वनिमुद्रणाबरोबर कवि, संगीतकार, साथीदार यांचीं नांवें दिलीं जातात. त्यांच्याच खालीं, गायनाचे सूर यंत्रानें शोधले आहेत कीं नाहींत व शोधले असल्यास कोणीं शोधले, तेंही द्यावें. शोधणारा खरोखर जाणकार असेल, तर त्यालाही आपलें नांव तेथें असलेलें आवडेल.