संमती आपली, दंड तिजोरीत

संकेतस्थळावर ‘मला मान्य आहे’ असं बटण दाबताना आपण नेमकं काय मान्य करतो, ते आज कायद्याच्या अंगानं बघू.

२०११ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नियम आले आणि कंपन्यांना आपलं गोपनीयता धोरण संकेतस्थळावर लावणं बंधनकारक झालं. धोरणं लागली, पण वाचतो कोण? पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला.

त्याचं श्रेय त्याला देऊ. संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली हवी, असं तो म्हणतो. सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यावी लागेल. दिलेली संमती मागे घेता येईल, आणि तेही ती देण्याइतक्याच सहजपणे. हे चांगलंच आहे.

पण आता दुसरी बाजू बघा. माहितीची सुरक्षा राखण्यात कसूर झाली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आकडा ऐकून बरं वाटतं. हा पैसा जातो कुठे? भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातला रुपयाही नाही. जुन्या कायद्यातलं ४३अ हे कलम नुकसानभरपाईचं होतं. ते मर्यादित होतं, कबूल; तरी आपल्या महाराष्ट्रात त्याच्या आधारे माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे दाद मागता येत होती. नवा कायदा ते कलमच वगळतो. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर नागरिकालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड!

कुणी म्हणेल, मोठ्या दंडाच्या धाकानं कंपन्या सुधारतील. सुधारतीलही. पण खात्यातले पैसे गेलेल्या माणसाला धाक काय कामाचा? त्याला हवी भरपाई.

हक्क नागरिकाचा म्हणायचा, नुकसान त्यानं सोसायचं आणि वसुली मात्र सरकारनं करायची, हा हिशेब आपल्याला पटतो का? आमच्या मते दुरुस्ती एकच हवी: ४३अ गेलं, तर त्याहून भक्कम भरपाईचं कलम याच कायद्यात यायला हवं. तोवर संमती मराठीत वाचता येईल, एवढंच आपल्या पदरात पडेल.