किल्लारीची तारीख आणि विज्ञानेतिहासाचे स्मरणदिन

विज्ञानेतिहासातील स्मरणदिन म्हटले की शोधाची तारीख पुढे केली जाते. १९२८ मधील रामन परिणामाच्या शोधासाठी २८ फेब्रुवारी देशभर पाळला जातो, हे योग्यच होय. परंतु एखाद्या शास्त्राला आपले गृहीत ज्या दिवशी तपासावे लागले, त्या दिवसाला या मालिकेत क्वचितच स्थान मिळते. मराठवाड्यात अशी तारीख आहे : ३० सप्टेंबर १९९३.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. या दिवशी श्रद्धांजली वाहिली जाते, ती वाहिलीच पाहिजे. मात्र त्या भाषणांतील 'नियतीचा घाला' हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. धक्का ६.२ प्रतीचा, म्हणजे महाभयंकर नव्हे; माणसे मेली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर!

दख्खनचे पठार अचल आहे, ही समजूत या घटनेने मोडली. वास्तविक तिला पहिला तडा ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला गेला होता. त्यानंतर १९७० च्या नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या भूकंपविभागात गेला. किल्लारी मात्र सर्वांत निर्धोक अशा पहिल्याच विभागात राहिली. कोयनेच्या भूकंपाचा संबंध तेथील जलाशयाशी जोडला गेला. ते स्पष्टीकरण बरेचसे सयुक्तिक होते. पण कोयना अपवाद ठरली, आणि अपवाद म्हटला की नियम शाबूत राहतो. किल्लारीजवळच्या निम्न तेरणा जलाशयाकडेही काहींनी बोट दाखविले खरे, तथापि कोयनेच्या मानाने तो फारच लहान. पुढे किल्लारीस वेधन झाले, तेव्हा बेसाल्टचे थर ३३८ मीटरांवर संपून खाली प्राचीन खडक लागला. धोक्याचे मूळ त्या खडकातील जुन्या भेगांत शोधावे लागले. २००२ च्या सुधारित मानकाने पहिला विभागच रद्द करून किल्लारी तिसऱ्यात घातली.

ऑक्टोबर १९९२ पासूनच किल्लारीत धक्के जाणवत होते, हा तपशील स्मरणदिनी सर्वांत आधी सांगावयास हवा. नांदेड शहरानेही २००६ नंतर लहान धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. २१ मार्च २०२४ च्या हिंगोली परिसरातील ४.५ प्रतीच्या धक्क्याने तेथील लोक घराबाहेर आले होते.