धान्यातील विष आणि ‘आनुवंशिक’ धोका : एक चिकित्सा

इ.स. १९६० मध्ये इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मृत्युमुखी पडले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेली बुरशी आणि तिने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष या मृत्यूंच्या मुळाशी होते. या घटनेपासून सुरू झालेले संशोधन आज जनुकशास्त्राच्या प्रांतात येऊन पोहोचले आहे. या प्रवासाचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि त्यात अर्थाची जी सरमिसळ होत गेली, तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांनी या विषयाला नवी दिशा दिली. चीनमधील चिदोंग येथील रुग्णांच्या यकृतातील कर्करोगाच्या १६ गाठी तपासल्या असता त्यांपैकी ८ गाठींत पी-५३ या जनुकाच्या २४९ व्या संकेतस्थानी बदल आढळला. दक्षिण आफ्रिकेतील गाठींतही त्याच जागी बदल दिसला. यकृतात अफ्लाटॉक्सिनचे रूपांतर होऊन जे तीव्र द्रव्य तयार होते ते डीएनएतील ग्वानिनला चिकटते, हे ज्ञात असल्यामुळे या बदलाकडे विषाची खूण म्हणून पाहिले गेले. हा तर्क सयुक्तिक होता.

परंतु ही खूण यकृताच्या पेशीत जन्मानंतर उमटते. ती मातापित्यांकडून येत नाही आणि अपत्यांकडे जात नाही. याउलट १९९५ मध्ये घाना व चीन येथील व्यक्तींवरून मांडलेले संशोधन विषाचा निचरा करणाऱ्या विकरांच्या जन्मजात भेदांविषयी होते. पहिली गोष्ट ‘जनुकीय’ आहे, दुसरी ‘आनुवंशिक’. आपल्याकडील लेखनात मात्र दोहोंसाठी ‘आनुवंशिक’ हा एकच शब्द सर्रास योजला जातो. हा केवळ परिभाषेचा दोष नव्हे. विषाने केलेली जखम रक्तातील वारसा म्हणून वाचली गेली, की दोषाचे स्थान धान्याच्या कोठारातून माणसाच्या कुळात सरकते.

दुसरा आक्षेप आकड्यांच्या वाचनासंबंधी आहे. शांघाय येथे १८,२४४ पुरुषांच्या पाहणीवर आधारलेला १९९४ चा अभ्यास सर्वत्र उद्धृत केला जातो. मूत्रात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा आढळलेल्यांस यकृताच्या कर्करोगाचा धोका ३.४ पट, हिपॅटायटिस-बीचा संसर्ग असलेल्यांस ७.३ पट, आणि दोन्ही असलेल्यांस ५९.४ पट, असे त्याचे निष्कर्ष आहेत. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार पंचविसाच्या आसपास येतो. म्हणून दोन कारणांचा संयोग गुणाकारापेक्षाही भयंकर आहे असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु या अभ्यासातील रुग्ण अवघे ५० होते आणि ५९.४ या आकड्याच्या विश्वासार्हतेच्या मर्यादा १६.६ ते २१२ इतक्या विस्तृत होत्या. पंचवीस ही संख्या त्या मर्यादांच्या आतच बसते. धोका फार मोठा आहे, एवढे निर्विवाद. तो नेमका साठपट आहे, हे मात्र सिद्ध झालेले नाही. मर्यादा गाळून केवळ मधला आकडा उद्धृत करणे हे शास्त्रीय लेखनास शोभत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उपयोगितेचा आहे. ज्यांच्या शरीरात निचऱ्याचे विकर दुर्बल आहे अशा व्यक्ती शोधून काढून त्यांचे रक्षण करावे, असा विचार मांडला जातो. परंतु जीएसटीएम-१ हे जनुक पूर्व आशिया व युरोपातील अनेक लोकसमूहांत सुमारे निम्म्या व्यक्तींत नसतेच. अर्ध्या समाजात असलेली उणीव निवडीची कसोटी कशी व्हावी? १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत कावीळ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष आढळले. तेच अन्न खाणारी गावातील कुत्रीही आजारी पडली. विषाची मात्रा इतकी असताना माणसामाणसांतील आनुवंशिक भेदांवर उपाययोजना उभारता येत नाही.

चिदोंगचाच पुढील इतिहास याबाबत बोलका आहे. १९८० च्या दशकातील आर्थिक बदलांनंतर तेथील लोकांच्या आहारात मक्याची जागा तांदळाने घेतली. रक्तातील अफ्लाटॉक्सिनच्या खुणा पुढील दोन दशकांत जवळजवळ नाहीशा झाल्या आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण उतरले. ही घट लस मिळालेली पिढी प्रौढ होण्यापूर्वीच दिसू लागली. लशीचे महत्त्व याने कमी होत नाही. परंतु माणसांची जनुके तीच राहिली आणि धान्य बदलले, हे विसरता येत नाही.

याचा अर्थ जनुकीय संशोधन निरुपयोगी आहे असा नव्हे. विष नेमके कोठे व कसे घाव घालते हे त्यानेच दाखविले, आणि रक्तातील खुणा मोजण्याची रीत हाती असल्यामुळेच चिदोंगमधील बदल पडताळता आला. आक्षेप आहे तो त्याच्या जागेविषयी. जनुक हा या रोगाचा साक्षीदार आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात त्याला उभे करणे न्याय्य नाही. या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी रुग्णाच्या रक्ताबरोबर त्याच्या घरातील धान्याचा नमुनाही तपासावा, आणि ते धान्य कापणीनंतर किती दिवस ओले राहिले याची नोंद ठेवावी. धान्य वाळविण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्यास त्याच्या वंशाची चिकित्सा करून देण्यापेक्षा कोरडे कोठार मिळवून देणे अधिक निकडीचे आहे, हे ठरविण्यास लागणारा पुरावा अशाच नोंदींतून उभा राहील.