अडगळ कोणती, ठेव कोणती ?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. त्याचें मूळ होतें हातांत मावणारें एक खेळाचें यंत्र. 'निन्टेंडो स्विच' या नांवाचें हें यंत्र न्यू जर्सींत राहणाऱ्या माझ्या बहिणीनें स्वतःची हौस फिटल्यावर आमच्याकडे पाठविलें, व आपल्या खात्यावर घेतलेला एक खेळही त्यांत तसाच राहूं दिला. मुलगी वसतिगृहांतून आली ती नवा खेळ घेण्याचा बेत करूनच. परंतु यंत्रानें जागा नाहीं म्हणून सांगितलें. "बाबा, तुमचा जुना काढून टाकूं का ?" असें तिनें सहज विचारलें. मी ज्या त्वरेनें "नको" म्हणालों, तिचें मलाच आश्चर्य वाटलें. गेलीं दोन वर्षें रात्रीं उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर अर्धा-पाऊण तास मी त्या खेळांत हिंडत असें, हें घरांत फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत असल्या विषयाला जागा कशाला, अशी शंका वाचकांस येईल. जी कृति लक्षावधि माणसें तास न् तास तन्मय होऊन अनुभवितात, तिच्याविषयीं टीकाकारानें मौन धरावें हें मला पटत नाहीं. तथापि आज परीक्षण करावयाचें आहे तें त्या कृतीचें नव्हे. जेथून तिला बाहेर काढलें जातें, त्या पडद्याचें. त्या पडद्यावर दोन-चारच शब्द असतात. पण एखाद्या शिक्षापत्रांतील दोन-चार शब्दांप्रमाणें ते नीट वाचणें जरूर आहे.

प्रथम हिशेब. क्योटो येथील निन्टेंडो कंपनीनें हें यंत्र ३ मार्च २०१७ रोजीं विक्रीस काढलें. त्याची अंगची साठवण ३२ गिगाबाइट. पैकीं यंत्राच्या स्वतःच्या कारभारास लागणारी वजा जातां सुमारें २६ उरते. त्याच दिवशीं प्रसिद्ध झालेला 'दि लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ दि वाइल्ड' हा माझा खेळ सुमारें १४ गिगाबाइटांचा. त्याचा उत्तरार्ध 'टिअर्स ऑफ दि किंगडम' १२ मे २०२३ रोजीं निघाला, तो १६ हूनही अधिक. दोघे एका घरांत नांदणें शक्य नाहीं. 'दि विचर ३' हा विस्तीर्ण खेळ २०१९ सालीं या यंत्रासाठीं आला, तो तर ३२ गिगाबाइटांच्या कार्डावर. तो कार्डाविना उतरवून घ्यावयाचा म्हटल्यास घरांतील सगळें सामान रस्त्यावर ठेवूनही पाहुणा उंबरठ्याबाहेरच राहावयाचा !

अशा अडचणीच्या वेळीं यंत्र दोन शब्द पुढें करतें : 'आर्काइव्ह' आणि 'डिलीट'. पहिला निवडल्यास खेळाचा मजकूर जातो, पण त्याचें चित्र आपल्या ठिकाणीं राहतें. दुसरा निवडल्यास चित्रही जातें. मात्र खेळणारानें आजवर काय मिळविलें, कोठवर मजल मारली, याची नोंद दोन्ही वेळां शाबूत राहते. ती पुसावयाची असेल तर निराळ्या दालनांत जाऊन निराळी आज्ञा द्यावी लागते. ज्यानें ही योजना केली त्याला रसिकाचें मन कळलें आहे, असें मी म्हणेन. ग्रंथालयाचें पुस्तक परत करावें, पण वाचतांना काढलेलीं आपलीं टिपणें आपल्याच वहींत राहावीं, तसा हा प्रकार. आकारानें पाहिलें तर ही नोंद मूळ कृतीपुढें नगण्य असते. ती पुसून जागा अशी मिळतच नाहीं. म्हणजे जें अवजड आहे तें पुन्हां मिळण्याजोगें, आणि जें दुसऱ्या कोठेंही मिळणार नाहीं तें चिमूटभर. अडगळ काढतांना माणूस नेहमीं आकाराकडे पाहतो व फसतो. कै. राजवाडे ज्या दप्तरांसाठीं गांवोगांव हिंडले, तीं मालकांच्या दृष्टीनें माळ्यावरची जागा अडविणारीं बाडेंच नव्हतीं काय ?

परंतु योजनेची स्तुति करतांना शब्दाची चूक झांकतां येत नाहीं. 'आर्काइव्ह' म्हणजे दप्तरखाना. कागद जेथें जपून ठेवतात तें ठिकाण. पुण्याच्या पेशवे दप्तरांत जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात, हें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. येथें काय होतें ? रुमालांतील कागद काढून टाकले जातात आणि वरची चिठ्ठी तेवढी खुंटीला राहते. आणि या क्रियेला म्हणावयाचें दप्तरखाना! कंपनीच्या बाजूनें उत्तर असें कीं, कागद नष्ट झालेले नाहींत. ते आमच्या कोठारांत आहेत, हवे तेव्हां फुकट घेऊन जा. उत्तर खोटें नाहीं. पण मग दप्तरखाना त्यांचा झाला, आपला नव्हे. आपल्याकडे उरली ती पावती.

पूर्वीं असें नव्हतें. १९८९ सालीं याच कंपनीचा 'गेम बॉय' निघाला, तेव्हां प्रत्येक खेळ आपल्या स्वतंत्र कार्ट्रिजमध्यें राहत असे. 'टेट्रिस' या विख्यात खेळास त्यांत ३२ किलोबाइट पुरले. माझा झेल्डा त्याच्या चार लाखपटींहून मोठा आहे. तेव्हां जागा करण्याचा प्रश्नच नव्हता. कार्ट्रिज काढलें कीं खेळ खिशांत गेला. कृति अशी अढळ होती. क्षणभंगुर होता तो खेळणाराचा माग. ती नोंद कार्ट्रिजमधील एका बटणाएवढ्या बॅटरीवर जगत असे, आणि बॅटरी संपली कीं वर्षानुवर्षांची कमाई एका रात्रींत नाहींशी होई. पुष्कळ खेळांत तर नोंदीची जागाच एक.

या एका जागेपायीं आमच्या कुटुंबांत एकदां जें घडलें, तें मी विसरलेलों नाहीं. बहिणीच्या मुलानें लहानपणीं 'पोकेमॉन' खेळून खेळून गोळा केलेलें सगळें गणगोत एका तांबड्या कार्ट्रिजमध्यें होतें. तो मोठा झाला. आत्यानें तें यंत्रासकट माझ्या मुलीला देऊन टाकलें. ती तेव्हां सात वर्षांची. तिनें नवा डाव मांडला, आणि नोंद करतांना जुनी पुसली जाईल अशी सूचना पडद्यावर आली, ती इंग्रजी वाचण्याचा कंटाळा येऊन मान्य केली. पुढच्या फोनवर तिनें उत्साहानें आपल्या दादाला डाव कोठवर आला तें सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "असूं दे गं, तें तुझंच आहे आतां." पंचविशींतला, नोकरी करणारा मुलगा तो, पण त्याचा तो क्षणभराचा अबोला मला ऐकूं आला. कार्ट्रिज धडधाकट होतें. त्यांतील कृतीचें एक अक्षरही कमी झालेलें नव्हतें. गेला होता तो एका मुलाच्या दोन-तीन उन्हाळ्यांचा जमाखर्च.

आतां पारडें उलटें झालें आहे असें वरवर दिसतें. कृति जाते-येते, नोंद राहते. पण ती राहते कोठें, हें पाहूं लागलें कीं समाधान कमी होतें. जागेच्या तंगीवर सोपा उपाय म्हणून लोक मेमरी कार्ड सुचवितात, व तो रास्त आहे; आम्हींही तें घेणार आहों. एप्रिल २०२० पासून यंत्राच्या पोटांतील खेळ अशा कार्डावर हलवितांही येतात. मात्र जी नोंद मी चिमूटभर म्हणालों, ती या कार्डावर जात नाहीं. जी कृति दुकानांत हजारों ठिकाणीं आहे तिला दोन घरें, आणि जी नोंद जगांत एकच तिला एकच ! यंत्र पडलें, फुटलें, कीं नोंद त्याच्याबरोबर गेली. तिची दुसरी प्रत दूरच्या संगणकावर ठेवण्याची सोय सप्टेंबर २०१८ पासून आहे. तीस वर्गणी पडते. पुन्हां 'स्प्लॅटून २' सारख्या कांहीं खेळांना ती सोय देण्यांतच आली नाहीं. जुनी प्रत परत आणून लोक लबाडी करतील, हें कारण. लबाडी होत असेलही. परंतु चार लबाडांच्या भयानें सगळ्यांच्या वह्यांना प्रतिलिपि नाकारावी, हा न्याय मला परीक्षागृहांतल्या अतिदक्ष पर्यवेक्षकासारखा वाटतो.

सोनी कंपनीच्या २०११ सालच्या 'व्हीटा' यंत्राची कथा थोडी निराळी. त्यास बाजारांत सर्रास मिळणारें कार्ड चालतच नसे. कंपनीचेंच निराळ्या घडणीचें व निराळ्या किंमतीचें घ्यावें लागे. त्यावर अधिक लिहिण्याजोगें कांहीं नाहीं. तो व्यापार होता.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या कोठाराची शाश्वति, जिच्या भरंवशावर 'आर्काइव्ह' हा शब्द उभा आहे. निन्टेंडोच्याच 'वी' यंत्राचें दुकान ३० जानेवारी २०१९ रोजीं मिटलें. हातांतल्या 'थ्री-डी-एस' यंत्राच्या दुकानांतील विक्री २७ मार्च २०२३ रोजीं बंद झाली; पूर्वीं विकत घेतलेलें पुन्हां उतरवून घेण्याची मुभा तेवढी त्या वेळीं ठेवली. मुभा हा शब्दच पुरेसा बोलका आहे. त्याच वर्षीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें असा पडताळा प्रसिद्ध केला कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज सरळ बाजारांत मिळत नाहींत. तुकोबांची गाथा लोकांच्या मुखीं होती म्हणून वह्या बुडाल्या तरी ती तरली, अशी आपली श्रद्धा आहे. खेळ कोणाच्या मुखीं राहणार ? त्याचें कथानक सांगतां येईल, त्याचें संगीत गुणगुणतां येईल. पण पावसांत कड्यावरून हात निसटतो तेव्हां काय वाटतें, हें मूळ प्रत चालू असल्याखेरीज कोणास कळावयाचें नाहीं. म्हणून या कलेंत प्रत जपणें हें अन्य कलांहून अधिक निकडीचें. आणि नेमकी याच कलेंत प्रत हातची सुटत चालली आहे.

५ जून २०२५ रोजीं 'स्विच २' बाजारांत आलें. त्याची अंगची साठवण २५६ गिगाबाइट, म्हणजे आमच्या यंत्राच्या आठपट. कोणी म्हणेल, आतां हें रडगाणें संपलें. पण त्याबरोबरच एक नवलाचें कार्ड निघालें आहे. तें दुकानांत डबींत मिळतें, यंत्रांत बसतें, त्यावांचून खेळ उघडत नाहीं. मात्र त्यांत खेळ नसतो. खेळ उतरवून घ्यावयाचा तो कोठारांतूनच, आणि कार्ड केवळ किल्ली. सगळेच खेळ असे निघतात असें नाहीं, आणि ही डबी दुसऱ्यास देतां-विकतां येते, हा तिचा गुण मी मान्य करतों. तरीही ग्रंथ म्हणून घरीं आणावा आणि बांधणीच्या आंत ग्रंथालयाचें ओळखपत्र निघावें, असें हें आहे. २५६ गिगाबाइटांचा वाडा देऊन त्यांतील सामान मात्र भाड्याचें ठेवावें, तर वाड्याच्या प्रशस्तपणाचें कौतुक किती करावयाचें ?

माझ्या बाजूचा एक दोष येथें कबूल केला पाहिजे. जागा अपुरी नसती तर मला हा खेळ इतका प्रिय आहे हें कळलेंच नसतें. माझ्या पुस्तकांच्या कपाटांत न वाचलेलीं पुस्तकें सुखानें उभीं आहेत, तीं कोणी काढावयास सांगत नाहीं म्हणून. या यंत्रानें मला विचारलें, हें ठेवूं कीं काढूं ? तो प्रश्न कोणा वाङ्मयीन कृतीविषयीं मला गेल्या दहा वर्षांत कोणी इतका सरळ विचारला नव्हता.

वादाचा निकाल मुलीच्या बाजूनें लागला. माझा खेळ दप्तरखान्यांत गेला, चित्र तेथेंच राहिलें. सुटी संपून ती वसतिगृहांत परत गेल्यावर मी तिला फोन केला व तिची अनुमति घेऊन तिचा खेळ त्याच मार्गानें पाठविला. माझा परत उतरण्यास आमच्या भागांतील तारेवरून सारी रात्र लागली. सकाळीं चहापूर्वीं यंत्र उघडलें. दिवाळीच्या आदल्या रात्रीं पाऊस आला म्हणून चढणें सोडून मी ज्या कड्याच्या खांचेंत थांबलों होतों, तेथेंच उभा होतों. झोळींत पांच सफरचंदें होतीं, तींही तशींच.