वेषांतरित वार्धक्य

वस्तु घडविणारा ती कोणाच्या हातासाठीं घडवितो, हा प्रश्न वाङ्मयाच्या मासिकांत अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु पॅट्रिशिया मूर ह्या अमेरिकन बाईंचें ‘डिसगाइज्ड’ (१९८५) हें पुस्तक ह्याच प्रश्नांतून जन्मलें आहे. आणि तें आत्मनिवेदनाच्या रूपानें लिहिलेलें असल्यामुळें त्याचा विचार वाङ्मय म्हणूनहि करणें प्राप्त आहे.

मूरबाई न्यूयॉर्क येथें रेमंड लोवी ह्यांच्या विख्यात कचेरींत वस्तूंचे आराखडे करीत असत. रेफ्रिजरेटरच्या दाराचा विचार चालला असतां, संधिवातानें बोटें आंखडलेल्या माणसालाहि तें उघडतां यावें अशी कांहीं योजना करावी, असें त्यांनीं सुचविलें. तसल्या माणसांसाठीं आपण वस्तु करीत नसतों, असें उत्तर मिळालें. वाद घालीत न बसतां १९७९ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, ह्या बाई म्हाताऱ्या झाल्या! रंगभूषेनें सुरकुत्या आणल्या, कान बुजविले, दृष्टि अंधुक केली, सांधे बांधून टाकले; आणि सुमारें तीन वर्षें, कधीं श्रीमंत तर कधीं बेघर वृद्धा होऊन, अमेरिका व कॅनडा मिळून ११६ शहरांत त्या अधूनमधून हिंडल्या. आपल्याकडील बहुरूप्याचें सोंग शेवटीं लोकांनीं ओळखावें ह्यांतच त्याची कमाई असते. येथें ओळख पटली असती तर सारेंच फुकट होतें.

टाइपरायटरची रिबन आणावयास वृद्धेच्या वेषांत गेलेल्या बाईंशीं दुकानदार तुसडेपणानें वागतो. दुसऱ्या दिवशीं त्याच बाई तेंच काम घेऊन तरुण रूपांत जातात, तों तोच गृहस्थ सौजन्याची मूर्ति बनतो. न्यूयॉर्कमध्यें पोरांच्या टोळीनें केलेल्या मारहाणीची हकीकत ह्याहून भयंकर आहे खरी. पण मनास बोचतो तो रिबनचा प्रसंग, कारण हा दुकानदार आपणांपैकीं कोणीहि असूं शकेल.

आमचा आक्षेप एकच आहे, पण तो लहान नाहीं. सोंग रात्रीं उतरतें. बांधलेला गुडघा सोडला कीं तो पूर्ववत् होतो, आणि सकाळीं पुन्हां बांधावयाचा कीं नाहीं हें आपल्या इच्छेवर असतें. औषधाच्या बाटलीचें बूच मुद्दाम सैल ठेवणें, डब्याचें झांकण दाराच्या फटींत धरून फिरविणें, असल्या युक्त्या वर्षानुवर्षांच्या अडचणींतून सुचतात; त्या सोंगाला कोठून सुचणार? त्यांचे जाणकार वृद्धच.

तथापि ह्या भ्रमंतीचें फळ कागदावरच राहिलें नाहीं. पत्नीच्या संधिवाती हातांना साधें सोलाणें धरवेना, हें पाहून सॅम फार्बर ह्यांनीं १९९० सालीं ‘ऑक्सो’ ह्या नांवानें स्वयंपाकघरांतील हत्यारें बाजारांत आणलीं. आराखडे ‘स्मार्ट डिझाइन’ ह्या संस्थेचे. सल्ला मूरबाईंचाहि होता. दांडा जाड, काळ्या रबरासारख्या मऊ द्रव्याचा; बाजूंस लवचिक खांचा असल्यानें ओला हातहि घसरत नाहीं. त्यावर ‘वृद्धांसाठीं’ अशी चिठ्ठी कोठेंच नव्हती, आणि धडधाकट हातांनींहि तें आनंदानें उचललें. फार्बरांच्या कल्पनेचा आरंभ एका खऱ्या दुखणाऱ्या हातापासून झाला, ही गोष्ट आमच्या आक्षेपास पोषकच आहे.

हा आक्षेप दूरदेशींच्या पुस्तकापुरताच नाहीं. आपल्याकडे निवृत्तिवेतन घेणारास दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालीं निघालेल्या ‘जीवन प्रमाण’ योजनेनें तो बोटांचे ठसे किंवा डोळ्यांचें बुबुळ यंत्रास दाखवून देण्याची सोय केली, आणि कचेरीच्या खेपा वांचविल्या, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु वयानें आणि कष्टानें बोटांवरील रेषा झिजतात. मग मी जिवंत आहें असें सांगावयास आलेल्या माणसाचें बोटच यंत्राला वाचतां येत नाहीं. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ सालीं झाली. मधल्या सात वर्षांत रुमालानें बोट पुसून तें पुन्हां पुन्हां कांचेवर टेकविणाऱ्या आजोबांनीं आपली हकीकत स्वतः लिहावी. मूरबाईंच्या पुस्तकाशेजारीं ठेवावयास तीच योग्य होईल.