जलपरी, मत्स्यगंधा आणि आसरा : एका तुलनेची मर्यादा

प्रस्तावना :
'सातीआसरा' या लोकदेवतांचा परिचय 'आपल्याकडील जलपऱ्या' असा सहजपणे करून दिला जातो. वर्धा नदीकाठच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला 'आसरा' हा शब्द घरातून ठाऊक असतो, 'जलपरी' मात्र त्याला पुस्तकातून वा चित्रपटातून भेटते. अध्यापनात हे समीकरण सोयीचे वाटते. ते कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ मधील कथेतील जलकन्या मानवी पायांसाठी स्वतःचा आवाज देऊन टाकते. माशाचे अर्धे शरीर ही तिची उणीव ठरते. महाभारताच्या आदिपर्वात अद्रिका ही अप्सरा शापाने यमुनेत मासळी होते आणि तिच्या उदरातून सत्यवती जन्मते. येथे माशाचा अंश शरीरात नव्हे, गंधात उरतो. नाव वल्हवणाऱ्या या कन्येचा मत्स्यगंध पराशरांच्या वराने सुगंधात पालटतो आणि त्याच सुगंधाने शंतनू तिच्याकडे ओढला जातो. आवाज असो वा गंध, राजगृहाच्या वाटेवर स्त्रीला आपली मूळ खूण टाकावी लागते. इथपर्यंत तुलना सार्थ आहे. वसंत कानेटकरांनी १९६४ च्या आपल्या संगीत नाटकासाठी 'योजनगंधा' हे नाव न घेता 'मत्स्यगंधा' हेच नाव ठेवले, हे या दृष्टीने लक्षणीय होय.

आसरांपाशी मात्र ही तुलना थांबते. 'आसरा' हे 'अप्सरा' या शब्दाचे लोकरूप असून आश्रय या अर्थाच्या 'आसरा' शब्दाशी त्याचा संबंध नाही. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावे परंपरेत सांगितली जातात. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर हे जलचर या नावांत आहेत. पूजेत मात्र पाण्याकाठचे शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्यांना ना चेहरा, ना शेपूट. आसरा प्रेमासाठी किनाऱ्यावर येत नाहीत. माणूसच त्यांच्याकडे जातो, ओटी भरतो, मूल मागतो आणि डोहाचे भय बाळगतो. महाराष्ट्रातील नद्यांच्या स्त्रीरूपाविषयीच्या १९९५ च्या ग्रंथात ॲन फेल्डहाउस यांनीही आसरांचा विचार संतती, समृद्धी आणि संकट यांच्या संदर्भात केला आहे.

निष्कर्ष :
जलपरी हे कथेतील पात्र आहे. आसरा हा पाण्याशी असलेल्या नात्याचा आचार आहे. आसरांना जलपरी म्हटले की त्यांच्यातील भय आणि मागणे दोन्ही गळून पडतात व केवळ एक शोभिवंत चित्र उरते. त्याचबरोबर, ज्या स्त्रियांनी हा आचार जपला त्यांचे ज्ञानही अभ्यासाबाहेर जाते. म्हणून तौलनिक अभ्यासात 'आसरा' ही संज्ञा जशीच्या तशी ठेवावी आणि अँडरसनची कथा शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आपल्या आजीकडून आसरांची माहिती घेऊन येण्यास सांगावे, हे अधिक उचित ठरेल.